मागेल त्याला काम

मुलांनो, आई किंवा बाबा नोकरी करत असतील, तर त्यांच्या पगाराचा कागद एकदा मागून बघा. कापलेल्या रकमांमध्ये 'व्यवसाय कर' सापडेल. बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत तेवढे 300. वर्षाचे झाले 2,500. हा कर कशासाठी सुरू झाला, सांगू? पण त्याआधी आपण जरा विलायतेला जाऊन येऊ.

दुसरं महायुद्ध चालू होतं. डिसेंबर 1942 मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा एक अहवाल ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. (या बेव्हरिजसाहेबांचा जन्म 1879 सालचा, आणि तोही बंगालमधल्या रंगपूरचा, बरं का!) देशाच्या वाटेत पाच राक्षस उभे आहेत, असं त्यांनी लिहिलं: दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी. सरकारी अहवाल कोण वाचतं? पण हा विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या!

1945 मध्ये क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले आणि कामाला वेग आला. 1946 मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार, तिघांनी पैसे भरायचे. आजारपण, बेकारी किंवा म्हातारपण आलं की त्यातून मदत मिळायची. 5 जुलै 1948 पासून डॉक्टर आणि इस्पितळ सर्वांसाठी मोफत झालं. अशा राज्याला 'कल्याणकारी राज्य' म्हणतात.

मग आपण तसंच का नाही केलं? जरा विचार करा. कारखान्यातल्या माणसाचा पगार ठरलेला, त्यातून हप्ता कापता येतो. शेतमजुराचं काय? आमच्या ताम्हिणीकडे पाऊस धो धो पडतो. आवणीपासून भातकापणीपर्यंत मान वर करायला सवड नसते. पण झोडणी उरकली की हाताला काम नाही! माण-खटावकडे तर पाऊसच रुसलेला. ज्याला मजुरीच नाही, त्याचा हप्ता कोण कापणार?

या प्रश्नाला उत्तर शोधलं वि. स. पागे यांनी. ते गांधीविचारांचे, आणि 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. धडधाकट माणसाला दान नको, काम द्या. आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असू द्या. सांगली जिल्ह्यात विसापूरला हा प्रयोग आधी लहान प्रमाणात करून पाहिला.

आणि 1972 चा दुष्काळ आला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्याच वर्षी रोजगार हमी योजना सुरू झाली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं खपत होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी पाझर तलाव खोदत होतं.

पण दुष्काळ सरला की कामं बंद, असं होऊ नये म्हणून 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मजुराने काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. बाई असो की पुरुष, कामाचा दर एकच. कामावर प्यायचं पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांची सोय हवी. या सगळ्याला पैसा कुठून आणायचा? त्यासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या भाकरीला हातभार लावायचा!

सगळं गोडगोडच झालं, असं नाही हं. मजुरी उशिरा मिळाली, हजेरीपटावर खोटी नावं चढली, अशा तक्रारी झाल्याच. पण एक मोठा फरक पडला. पूर्वी मजूर दयेची वाट पाहायचा. आता तो तहसील कचेरीत जाऊन म्हणू शकत होता, "कायदा आहे, काम द्या." मोर्चे निघाले, त्यांत बायका पुढे असत. पुढे 2005 साली संसदेने सगळ्या देशासाठी असा कायदा केला. त्यात खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी होती.

आता तुमचं काम. आजी-आजोबांना विचारा, "बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठल्या कामावर होतात? सुकडी कशी लागायची?" आणि गावाजवळ पाझर तलाव असेल, तर तो कुणाकुणाच्या हातांनी खणला, त्यांची नावं वहीत लिहून ठेवा.