नॅडकॅप

नॅडकॅप हा विमान, अवकाश व संरक्षण उद्योगांतील विशेष निर्मिती प्रक्रियांना अधिस्वीकृती देणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. 'नॅशनल एरोस्पेस अँड डिफेन्स कॉन्ट्रॅक्टर्स ॲक्रेडिटेशन प्रोग्रॅम' या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. १९९० साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे संचालन अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील परफॉर्मन्स रिव्ह्यू इन्स्टिट्यूट ही ना-नफा संस्था करते.

विशेष प्रक्रिया

ज्या प्रक्रियेचा परिणाम तयार भाग न तोडता पूर्णपणे पडताळता येत नाही, तिला विशेष प्रक्रिया म्हणतात. उष्णता उपचार, वेल्डिंग, रासायनिक प्रक्रिया व पृष्ठलेपन ही तिची उदाहरणे होत. उच्च ताकदीच्या पोलादावर विजेच्या साहाय्याने कॅडमियमचा मुलामा चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो. तो घालवण्यासाठी भाग ठरावीक मुदतीत भट्टीत तापवावा लागतो. हे राहून गेले तरी भाग निर्दोष दिसतो व मापेही अचूक भरतात. मात्र भाराखाली काही काळाने तो अचानक तुटू शकतो. त्यामुळे येथे केवळ वस्तू नव्हे, तर प्रक्रियाच तपासावी लागते.

अविनाशी चाचण्यांचाही कार्यक्रमात समावेश आहे. अशा चाचणीतील चूक किती महागात पडते, हे १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे झालेल्या डीसी-१० विमानाच्या अपघातात दिसले. इंजिनाच्या टायटॅनियम चकतीत निर्मितीवेळीच राहिलेल्या दोषापासून तडा वाढत गेला होता. देखभालीच्या तपासणीत तो आढळला नाही. अपघातात ११२ जण मृत्युमुखी पडले.

कार्यपद्धती

पूर्वी प्रत्येक विमान वा इंजिन उत्पादक आपल्या पुरवठादारांची स्वतंत्र तपासणी करी. त्यामुळे एकाच कारखान्यात त्याच प्रक्रियेची वारंवार तपासणी होई. नॅडकॅपमध्ये उत्पादकांनी एकत्रितपणे ठरवलेली प्रश्नावली वापरली जाते. त्या प्रक्रियेचा जाणकार लेखापरीक्षक कारखान्यात प्रत्यक्ष चालू काम पाहतो. भट्टीतील तापमानाची समानता, उपकरणांचे अंशांकन व कामगारांची पात्रता तपासतो. आढळलेल्या प्रत्येक त्रुटीचे मूळ कारण व त्यावरील उपाय पुरवठादाराला सादर करावे लागतात. अंतिम निर्णय लेखापरीक्षक नव्हे, तर उत्पादकांच्या प्रतिनिधींचा कार्यगट घेतो. अधिस्वीकृती सुरुवातीस साधारणतः १२ महिन्यांची असते. सातत्याने चांगली कामगिरी करणाऱ्यांना ती १८ वा २४ महिन्यांसाठी मिळू शकते.

मर्यादा

अधिस्वीकृती विशिष्ट कारखान्यातील विशिष्ट प्रक्रियेपुरती असते. ती प्रत्येक भागाच्या निर्दोषतेची हमी नव्हे. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात शिस्त पाळण्याची जबाबदारी पुरवठादारावरच राहते.