न दिसणाऱ्याचं वजन

‘सर, जे दिसतच नाही, ते आहे हे कसं ओळखायचं?’ नववीच्या वर्गातला हा प्रश्न. त्याचं एक उत्तर आकाशात आहे.

सुमारे पावणेचार अब्ज प्रकाशवर्षे दूर दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळले. त्यांना ‘बुलेट क्लस्टर’ म्हणतात. अशा समूहांत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. वातावरण ते अडवतं, म्हणून १९९९ मध्ये ‘चंद्रा’ दुर्बीण अवकाशात पाठवली. तिचं नाव शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलं आहे.

चंद्राने टिपलेल्या चित्रात दिसलं की, वायू वायूला अडून मागे पडला. दीर्घिका मात्र आरपार पुढे गेल्या. वायूचं वस्तुमान ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा गुरुत्वाकर्षणही वायूपाशीच जास्त हवं. पण पलीकडच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो हे मोजलं, तेव्हा बहुतेक वस्तुमान पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी निघालं. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते न दिसणारं वस्तुमान म्हणजे कृष्णद्रव्य. ते कशाचं बनलंय, हे अजून कळलेलं नाही.

म्हणून मुलांनो, दिसत नाही एवढ्यावरून ‘नाही’ म्हणू नका. आणि ‘आहे’ म्हणायचं असेल, तर मोजून दाखवा.