पडद्यावरच्या मैदानात परत आलेले खेळाडू

"पोरगा दिवसभर त्या गेममध्ये डोकं घालून बसलेला असतो, काही बोला त्याला," अशी तक्रार घेऊन आपल्या वस्तीतील आयाबाया कार्यकर्त्यांकडे येतात. तक्रार खोटी नाही. परंतु मुलांना बोलण्याआधी ती नेमके काय खेळतात, त्यात त्यांना काय आवडते आणि काय खटकते, हे आपण कधी विचारतो का? वर्तकनगरात आम्ही ते विचारायचे ठरवले. त्यातून जे कळले ते सर्व कुटुंबांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आमच्या वस्तीतील एक तरुण कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. त्याने जुन्या बाजारातून एक प्लेस्टेशन घेतले. रविवारी अभ्यासवर्ग संपला की तो ते समाजमंदिराच्या खोलीतील टीव्हीला जोडतो. फुटबॉल आणि मोटारींच्या शर्यतींबरोबर त्याच्याकडे 'एमएलबी द शो २३' नावाचा अमेरिकन बेसबॉलचा खेळ आहे. तीन रविवार मी वही घेऊन तिथे बसलो. खेळणारे अकरा जण होते, नऊ मुलगे आणि दोन मुली. सर्वात लहान सातवीतला, सर्वात मोठा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला.

बेसबॉल आपल्याला अगदीच नवा नाही. १९९० नंतरच्या काळात ज्यांचे बालपण गेले, त्यांना टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याची कॅसेट आठवत असेल. म्हाडाच्या जुन्या इमारतींत एखाद्याच घरी तो असे आणि दारात चपलांचा ढीग पडे. त्या कॅसेटमध्ये बहुधा बेसबॉलही असायचा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली आपल्या यंत्रासाठी तो बनवला होता. त्याच्या नकला आपल्याकडे आल्या. नियम कोणाला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला क्रिकेटच समजत होतो आणि चेंडू टोलवल्यावर आपला माणूस आपोआप का पळतो, यावर वाद घालत होतो.

म्हणून आधी थोडे नियम. बेसबॉलमध्ये एका संघात नऊ जण मैदानात असतात. गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो चेंडू टप्पा न टाकता थेट फेकतो. फटका मारणाऱ्याने चांगला चेंडू हुकवला किंवा सोडला तर तो 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाले की बाद. चार चेंडू वाईट पडले आणि त्याने ते सोडले तर त्याला फुकट पहिला तळ मिळतो. चारही तळ फिरून आला की एक धाव. तीन जण बाद झाले की बाजू बदलते. असे नऊ डाव चालतात. फटका समोरच्या काटकोनातच जावा लागतो. मागे किंवा बाजूला गेलेला चेंडू चालत नाही. आपल्या मुलांना कट आणि ग्लान्सची सवय, त्यामुळे पहिल्या रविवारी सगळ्यांचा घोटाळा झाला.

आता खेळणाऱ्यांची मते ऐका. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "काका, क्रिकेटच्या गेममध्ये प्रत्येक बॉल मारता येतो. इथं मारायला गेलं की आउट." हे खरे आहे. पिचरचा वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. तेवढ्यात मारायचे की सोडायचे ते ठरवावे लागते. दहावीतल्या मुलीने मात्र वेगळे सांगितले. "सोडून देणं हाच यातला अर्धा खेळ आहे. मी तीनदा नुसता बॉल सोडला आणि बेसवर गेले. पोरं घाई करतात." ती खरोखर सर्वांत जास्त धावा काढत होती. बीकॉमच्या मुलाला पिचिंग आवडले. चेंडू हवेतच वळतो, खाली बुडतो, आणि कोणता कधी टाकायचा याचा विचार करावा लागतो, म्हणून तो त्याला बुद्धिबळासारखा वाटला. सातवीतला म्हणाला, "बोर आहे, लय वेळ लागतो." तेही मत मी वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या रविवारी या खेळातील एक वेगळा भाग उघडला गेला आणि खोलीतला गोंगाट कमी झाला. त्या भागाचे नाव 'स्टोरीलाइन्स', म्हणजे कथा. २०२३ साली या खेळात तो प्रथमच आला. यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या कथा आहेत. आधी छोटी चित्रफीत दिसते. कॅन्सस सिटी येथील निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक गोष्ट सांगतात. मग खेळणाऱ्याने त्या खेळाडूच्या जागी उभे राहून तो प्रसंग खेळायचा.

गोष्ट काय आहे? अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोऱ्या मालकांनी कृष्णवर्णीयांना मोठ्या संघांत घेणे बंद केले. असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. आपसातला समजूतदारपणा होता. लिहिलेला नसलेला नियम किती घट्ट असतो, हे आपल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय खेळाडू-व्यवस्थापकाने १९२० साली कॅन्सस सिटीत स्वतंत्र स्पर्धा उभी केली. तिला निग्रो नॅशनल लीग म्हणत. आज तो शब्द वापरत नाहीत, पण संस्थेचे नाव तेच होते. या संघांत सॅचेल पेजसारखा पिचर आणि जॉश गिब्सनसारखा फटकेबाज होता. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरला आणि साठ वर्षांची भिंत पडली. जॉश गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी वारला होता. तीन महिन्यांनी त्याची वेळ चुकली. सॅचेल पेजला १९४८ साली मोठ्या संघात जागा मिळाली तेव्हा त्याचे वय बेचाळीस होते. त्या वयात आपल्याकडे खेळाडूला निरोपाचा हार घालतात.

मुलांनी पेजच्या जागी उभे राहून चेंडू फेकले. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत टोनी स्टोन या महिला खेळाडूचीही कथा आली आहे. तिने १९५३ साली इंडियानापोलिस क्लाउन्स या पुरुषांच्या संघातून खेळून दाखवले. हे सांगितल्यावर दहावीतली मुलगी त्या तरुणाला म्हणाली, "दादा, तो पण गेम आण."

या भागावर मतभेद झाले, आणि ते फार चांगले झाले. एक जण म्हणाला, "शाळेच्या पुस्तकात जे नाही ते गेममध्ये कळलं." दुसऱ्याने हरकत घेतली. "हे सगळं हसत हसत सांगतात. हॉटेलात जेवायला मिळत नव्हतं, बसमध्ये झोपायचे, ते एका वाक्यात संपवलं. जिंकल्याचंच जास्त दाखवलं." बीकॉमच्या मुलाने तिसरा मुद्दा काढला. "ज्यांनी बाहेर ठेवलं, त्यांच्याच नावावर हा गेम खपतो. आमचं दुःख आता त्यांचा माल झाला, असं नाही का?" खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मला हा प्रश्न योग्य वाटतो. तरीही माझे मत पहिल्या मुलाच्या बाजूने झुकते. मी कारकून आहे. ज्याची नोंद रजिस्टरात नाही ते कचेरीच्या लेखी घडलेलेच नाही, हे मी रोज पाहतो. अमेरिकेत नेमके तेच झाले होते. निग्रो लीगच्या धावा आणि बळी मोठ्या बेसबॉलच्या वहीत धरलेच जात नव्हते. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जुन्या वर्तमानपत्रांतील, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांतील धावफलक शोधून आकडे जमवले. डिसेंबर २०२० मध्ये या स्पर्धांना मोठ्या स्पर्धांचा दर्जा जाहीर झाला आणि मे २०२४ मध्ये आकडे अधिकृत नोंदीत गेले. तेव्हा काय दिसले? फलंदाजीच्या कारकिर्दीतील सरासरीत जॉश गिब्सन .३७२ वर पहिला आला आणि टाय कॉब .३६७ वर दुसरा झाला. मरणानंतर सत्याहत्तर वर्षांनी तो पहिला आला. वर्तमानपत्रांनी तेव्हा ते छापून ठेवले म्हणून हे होऊ शकले. समाजाचे स्वतःचे साप्ताहिक असणे म्हणजे काय, हेही यातून समजावे.

तिसऱ्या रविवारी मी मुलांना विचारले, "आपल्याकडचा सॅचेल पेज कोण?" कोणालाच सांगता आले नाही. दोष मुलांचा नाही. त्यांनी खेळलेल्या क्रिकेटच्या कोणत्याही गेममध्ये पाळवणकर बाळू त्यांना भेटले नव्हते.

१८७६ साली जन्मलेले, चांभार समाजातील बाळू पाळवणकर पुण्यात मैदानावर कामगार म्हणून राबत. खेळपट्टी तयार करणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणे, हे त्यांचे काम. त्या सरावातून हिंदुस्थानातला श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते, म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांच्या हातून आलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहाची वेळ झाली की त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या पेल्यात चहा आणि जेवायला वेगळी जागा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९२० साली त्यांना वगळून पाळवणकर बंधूंना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल पाळवणकर कर्णधार झाले. जॅकी रॉबिन्सनच्या आधी चोवीस वर्षे! विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले, म्हणून आज आपल्याला यातले पुष्कळ ठाऊक आहे. इथेही पुन्हा नोंदच कामी आली.

बाळूंचे आणि बाबासाहेबांचे राजकीय मार्ग पुढे वेगळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि बाबासाहेब निवडून आले. परंतु मतभेदामुळे माणसाचे कर्तृत्व पुसायचे नसते. ज्याने मातीच्या पेल्याचा चहा पिऊन संघाला जिंकून दिले, तो आपल्या मुलांना ठाऊक असलाच पाहिजे.

गोष्ट ऐकल्यावर आठवीतल्या मुलाने विचारले, "मग यांचा गेम का नाही, काका?" मी म्हणालो, "बनवणारे तुमच्यातूनच निघायला हवेत." मुंबईत आणि चेन्नईत क्रिकेटचे मोबाइल खेळ तयार होतात. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागते, चित्र काढणारे लागतात, गोष्ट लिहिणारे लागतात. आपल्या वस्तीतील पोरे नुसती गेम खेळणारी राहतील की बनवणारीही होतील, हा प्रश्न आईबापांनी मुलाला रागावताना मनात ठेवावा.

आता पालकांसाठी पैशाची बाजू, कारण हिशेब सांगितल्याशिवाय कारकुनाचा लेख संपत नाही. या बेसबॉलच्या खेळात 'स्टब्ज' नावाचे आभासी चलन आहे. त्यातून खेळाडूंची कार्डे घेऊन संघ बांधतात. खेळून खेळून ते मिळते आणि खरे पैसे देऊनही मिळते. आमच्या मुलांनी ठराव केला की खरा पैसा घालायचा नाही. मोबाइलवरील खेळांतही हीच रीत आहे. आमच्या ओळखीतील एका घरात आईच्या फोनवरून थोडे थोडे करून महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम गेली आणि ते बँकेचे संदेश वाचल्यावर उघड झाले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. परंतु खेळाच्या आतली अशी खरेदी ही वेगळी बाब आहे. तिथे पहारा आपणच द्यायचा. फोनचा आणि पैसे पाठवण्याचा गुप्त क्रमांक मुलांना देऊ नका. बँकेचे संदेश रोज वाचा, वाचता येत नसतील तर शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. वेळ ठरवून द्या. आमच्याकडे अभ्यासवर्गाला हजर असलेल्यालाच नंतर खेळायला मिळते, आणि हजेरी वाढली आहे.

शेवटी एक काम. वर्तकनगर, लोकमान्यनगर, कळवा, कल्याण, डोंबिवली, सगळीकडच्या आपल्या वस्त्यांत जुने खेळाडू आहेत. कोणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळले, कोणी रेल्वेतून कुस्ती केली, कोणी मैदानावर क्रिकेट गाजवले. त्यांच्या पेट्यांत फोटो आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत, गंजलेली पदके आहेत. ही माणसे आता सत्तरीपलीकडे गेली आहेत. आमच्या अकरा जणांनी दर रविवारी एका घरी जायचे ठरवले आहे. नाव, संघ, साल आणि आठवण एका वहीत लिहायची, फोटोची मोबाइलवर नक्कल काढायची. पहिल्या पानावर एका निवृत्त कामगाराचे नाव चढले आहे. कबड्डीतल्या त्याच्या पकडीची गोष्ट दहावीतल्या मुलीने लिहून घेतली. तुमच्या वस्तीतली वही तुम्ही सुरू करा.