समुद्रतळावरील गळमासेमारीत दोरीची निवड

किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळालगत गळाने मासे पकडताना किती क्षमतेची दोरी वापरावी, हे ठरविणे हा या मासेमारीचा मूलभूत भाग आहे. पाण्याखालचे खडक, प्रवाळभित्ती, बुडालेली जहाजे, तेलविहिरींच्या फलाटांचे खांब अशा जागी अनेक जातींचे मासे आसऱ्याला राहतात. तेथे दोरीची निवड माशाच्या वजनापेक्षा, तो कपारीत शिरण्यापूर्वी किती अंतरात थांबवावा लागतो यावर अधिक अवलंबून असते. कमजोर दोरी खडकाच्या धारेवर तुटते आणि मासा तोंडातील गळासह निसटतो. वाजवीपेक्षा जाड दोरी प्रवाहात ओढली जाते आणि आमिष तळाशी टिकत नाही.

क्षमता आणि ड्रॅग

दोरी तुटण्यासाठी लागणारा भार तिच्या वेष्टनावर किलोग्रॅम किंवा पौंडांत नोंदवलेला असतो. प्रत्यक्ष वापरात ही क्षमता घटते. नायलॉन पाणी शोषून काहीसे दुबळे होते; गाठी आणि ओरखडे यांमुळे त्यात आणखी घट होते. १९३९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था विक्रमांची नोंद करताना दोरीची चाचणी ओल्या स्थितीत घेते.

रिळावरील ड्रॅग ही यंत्रणा ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देते, त्यामुळे अचानक बसणाऱ्या हिसक्याने ती तुटत नाही. हा ताण सामान्यतः दोरीच्या क्षमतेच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवतात. म्हणजे ३० पौंडी (सुमारे १४ किग्रॅ) दोरीने माशाला साडेतीन ते साडेचार किग्रॅ, तर ८० पौंडी (सुमारे ३६ किग्रॅ) दोरीने ९ ते १२ किग्रॅ एवढाच रोध करता येतो. मोकळ्या पाण्यात माशाला दूरवर पळू देऊन दमवता येते. आसऱ्याजवळ तशी मोकळीक नसल्याने सुरुवातीचा रोधच निर्णायक ठरतो.

मेक्सिकोच्या आखातातील उदाहरण

मेक्सिकोच्या आखातात तांबडा स्नॅपर आणि ग्रूपर हे तळमासेमारीचे प्रमुख मासे आहेत. कोकणात हेकरू म्हणून ओळखले जाणारे मासे ग्रूपरांपैकीच होत. आखातात काठी व रीळ वापरून पकडलेल्या तांबड्या स्नॅपरचा विक्रम सुमारे २२.८ किग्रॅचा असून तो मासा १९९६ मध्ये लुइझियानाजवळ मिळाला. बहुतेक मासे याहून पुष्कळ लहान असतात. शिवाय पाण्यातील उत्प्लावक बलामुळे माशाचे वजन दोरीवर फारसे येत नाही. दोरीवर ताण येतो तो त्याच्या पोहण्याच्या जोराचा. तरीही ग्रूपरसाठी ६० ते १०० पौंडी दोरी वापरली जाते. गळ लागताच ग्रूपर कपारीकडे धाव घेतो, आत कल्ले फुगवून घट्ट बसतो आणि मग त्याला बाहेर काढणे अवघड होते.

दोरीचे प्रकार

एकपदरी नायलॉनची दोरी, म्हणजेच तंगूस, स्वस्त आणि घर्षणाला बऱ्यापैकी टिकणारी असते. परंतु ती ताणली जाते. ६० मीटर खोलीवर ती १० टक्के ताणली गेली, तर रिळावरून दोरी मुळीच न सुटता मासा ६ मीटर पुढे जातो. कपार जवळ असल्यास एवढे अंतर त्याला पुरेसे असते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणीव दोरी अगदी कमी ताणली जाते. त्यामुळे माशाचा स्पर्श हाताला लगेच जाणवतो आणि त्याला तत्काळ रोखता येते. मात्र खडक, शिंपले किंवा गंजलेले लोखंड यांच्या धारेवर तिचे बारीक धागे सहज कापले जातात.

जाडी आणि प्रवाह

प्रवाहाचा दोरीवरील जोर तिच्या जाडीच्या प्रमाणात आणि प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० पौंडी नायलॉन दोरीचा व्यास साधारण ०.७ मिमी असतो, तर तेवढ्याच क्षमतेच्या विणीव दोरीचा सुमारे त्याच्या निम्मा. म्हणून खोल पाण्यात विणीव दोरीला शिशाचे कमी वजन पुरते आणि आमिष ठरलेल्या जागी राहते.

लीडर

विणीव दोरीच्या टोकाला नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बनचा जाड तुकडा जोडतात. त्याला लीडर म्हणतात. खडकाशी आणि माशाच्या दातांशी होणारे घर्षण तो सोसतो. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या (१.३३) अधिक जवळचा असल्याने तो पाण्यात कमी दिसतो. मासे बुजत असल्यास लीडरची जाडी कमी केली जाते. मात्र त्यामुळे तो कपारीवर तुटण्याचा धोका वाढतो. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवून ओरखडे तपासतात आणि खराब झालेला भाग कापून टाकतात.

अडकलेली दोरी

लीडरची क्षमता मुख्य दोरीपेक्षा कमी ठेवल्यास गळ खडकात अडकल्यावर दोरी टोकाजवळ तुटते आणि लांब तुकडा समुद्रात राहत नाही. केवळ शिसे अडकत असेल, तर ते अधिक कमजोर दोरीने बांधतात. त्यामुळे शिसे गेले तरी मासा आणि गळ हाती येतात. अडकलेली विणीव दोरी हाताला गुंडाळून ओढल्यास खोल जखम होते. तिला लाकडी दांड्यावर गुंडाळून ओढणे सुरक्षित असते.

तुटलेल्या दोरीसोबत गळ माशाच्या तोंडात राहतो. अमेरिकेच्या संघराज्यीय अखत्यारीतील आखाती पाण्यात नैसर्गिक आमिष लावून खडकाळ भागातील मासे पकडताना वर्तुळाकार आणि स्टेनलेस स्टीलचे नसलेले गळ वापरणे २००८ पासून बंधनकारक आहे. वर्तुळाकार गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो आणि साध्या पोलादाचा असल्यास कालांतराने गंजून जातो.