योगवर्गाला जाण्यापूर्वी

अमळनेर म्हटले की आपणांस साने गुरुजी आठवतात. त्यांच्या आधी याच गावी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक शिक्षक अध्यापन करीत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. पारखल्यावाचून स्वीकारू नये, ही दृष्टी आम्हां बौद्धांना परकी नाही.

मागील पालकसभेत एका पालकांनी आम्हांस मान दाखविली. टीव्हीवर पाहून ते शीर्षासन करू लागले आणि तिसऱ्याच दिवशी मान आखडली. वय पन्नाशीचे, रक्तदाबाची गोळी चालू. ही गोष्ट त्यांना विचारणारे समोर कोणी नव्हतेच!

म्हणून वर्ग निवडताना पाहावे ते हेच, की शिक्षक आधी प्रकृतीची चौकशी करतात काय. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हृदयविकार, हर्निया, मणक्याचा त्रास, गरोदरपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन शिक्षकांना स्पष्ट सांगावे. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी कपालभाती, श्वास रोखून धरणे आणि शीर्षासन यांच्या वाटेस जाऊ नये. आसने सुरू केली म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे तर सर्वांत घातक.

आपल्याकडे कापूस वेचून, केळीचे घड वाहून कंबर आधीच थकलेली असते. अशा माणसाने गुडघ्यावर जोर देऊन पद्मासन घालण्याचा हट्ट का धरावा? पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, घोंगडी, दोर व लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन शिकविले. आधार घेण्यात कमीपणा नाही. ताण जाणवावा, कळ येऊ नये. श्वास अडखळला की आसन सोडावे. चक्कर, छातीत दुखणे किंवा हातापायांस मुंग्या येऊ लागल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावे.

भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. जळगाव-धुळ्याच्या वैशाखात सूर्य वर येण्याआधीच वर्ग आटोपावा. घसरणाऱ्या फरशीवर जाड सतरंजी अंथरावी, तीही सरकत नाही ना हे पाहून. पहिले काही आठवडे ताडासन, सावकाश श्वसन आणि शेवटी शवासन एवढेच पुरे. शवासनात घोरणारे आमच्या वर्गातही आहेत. त्यांना आम्ही उठवीत नाही.