श्वासाचं यंत्र आणि कागदांची फाईल

घोरणाऱ्या माणसावर आपल्याकडे विनोद फार. "रात्रभर ट्रॅक्टर चालू होता," असं म्हणून सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. पुरुष घोरला तर निदान हसण्यावारी तरी जातं. बाई घोरत असेल तर मात्र तिलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती कुणाला सांगत नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. मैत्रिणींनो, ही लाज किती महागात पडते आणि ती बाजूला ठेवल्यावर कागदपत्रांची वाट कशी चालावी लागते, ते आज सांगते.

आमच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. वय छप्पन्न. लग्नघरी मुक्कामाला थांबणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. एकदा हॉलमध्ये सगळ्या बायका ओळीने झोपल्या असताना पोरीबाळी खुदखुदल्या, तेव्हापासून. मंडळाच्या देवदर्शनाच्या सहलीलाही "गुडघे दुखतात" म्हणून नकार. सकाळी उठल्या की डोकं जड, दुपारी बसल्या जागी डुलकी. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू, तरी तो आटोक्यात येईना. एक दिवस गॅसवर दूध ठेवलं आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर त्यांचा डोळा लागला. दूध उतू जाऊन बर्नर विझला, घरभर गॅसचा वास. नशीब, शेजारीण साखर मागायला आली होती.

त्यानंतर मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. "झोपेत घोरता का?" या प्रश्नाला वन्सं पटकन "नाही" म्हणाल्या. बाहेर बसलेल्या यजमानांना डॉक्टरांनी आत बोलावलं. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा गडी, मोजकंच बोलणारा. म्हणाले, "घोरते, आणि मधेच एकदम गप्प होते. श्वासच थांबतो. मग मी हलवतो. फौजेत पहारा द्यायचो, आता घरात देतो." वन्सं खाली मान घालून ऐकत होत्या. आपला नवरा कित्येक रात्री आपल्यासाठी जागा राहिला, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू खाली जातो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चालू. मग झोप होणार कशी? उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात यांच्याशी या आजाराचा संबंध आहे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये तो वाढतो. शिवाय बायका घोरण्याची तक्रार करतातच असं नाही. थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, चिडचिड असं सांगतात, आणि आपण ते "वयामुळे होतं" म्हणून सोडून देतो.

निदानासाठी रात्रभराची झोपेची तपासणी करतात. डोक्याला वायरी, छातीला पट्टे, बोटाला चिमटा. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडखळला तर ठीक. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. वन्सांचा आकडा आला ४१! डॉक्टरांनी सीपॅप यंत्र लिहून दिलं. हे ऑक्सिजनचं यंत्र नव्हे. खोलीतलीच हवा ठराविक दाबाने मास्कमधून आत सोडून ते घशाची वाट उघडी ठेवतं. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला.

मास्कसह किंमत पन्नास हजारांच्या वर. वन्सं लगेच म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या पैशात पोरीचं बाळंतपण होईल. मी उशी उंच घेऊन झोपते." बाईच्या औषधाचा प्रश्न आला की घरातला दुसरा कुठलातरी खर्च तिला आठवतोच!

पुण्याच्या मुलाने आईवडिलांची मेडिक्लेम पॉलिसी काढली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आठवडाभरात नकाराचं इंग्रजी पत्र आलं. मी पॉलिसीचं पुस्तक घेऊन बसले आणि शब्दन् शब्द वाचला. नुसत्या तपासणीसाठी रुग्णालयात राहिलं तर तो खर्च मिळत नाही, हे त्यात होतं. घरी वापरायचं यंत्रही मिळत नाही. रुग्णालयात दाखल असताना सीपॅप लावलं तर तो उपचाराचाच भाग, पण तेच घरी न्यायचं म्हटलं की पैसे आपले. गंमत पुढेच आहे. अतिलठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या कलमात मात्र याच आजाराचं नाव आहे. बीएमआय ३५ किंवा जास्त असून तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर बाकीच्या अटी पाळून तो खर्च मिळू शकतो. म्हणजे पोटावरच्या शस्त्रक्रियेला पैसे आहेत, नाकावरच्या मास्कला नाहीत! हे पटत नसलं तरी कलमात लिहिलेलं होतं. त्यावर भांडून उपयोग नव्हता.

मग दुसरं दार आठवलं. यजमान माजी सैनिक, त्यामुळे घरात ईसीएचएसचं कार्ड होतं. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी २००३ मध्ये सुरू झालेली ही आरोग्य योजना. वन्सं आजवर ते कार्ड सर्दीखोकल्याच्या गोळ्यांपुरतंच वापरत होत्या. आम्ही पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. तिथून रेफरल, मग तज्ज्ञ डॉक्टर, तपासणीचा अहवाल, यंत्र का हवं याची लेखी शिफारस आणि शेवटी मंजुरी. दुकानदार म्हणत होता, "ताई, आज यंत्र घेऊन जा, पैसे नंतर मिळतीलच." आम्ही ऐकलं नाही. आधी मंजुरी, मग खरेदी. तोवर पुण्याहून यंत्र भाड्याने आणलं. ठरलेल्या मर्यादेइतकी रक्कम मिळाली, वरचे थोडे मुलाने भरले.

सुरुवातीला वन्सांना मास्क लावला की गुदमरायचं. मग दुपारी मालिका बघताना अर्धा-अर्धा तास लावायची सवय केली. मास्क रोज धुवायचा, फिल्टर वेळच्या वेळी बदलायचा, पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, वीज गेली तर इन्व्हर्टर. तीन महिन्यांनी रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. आणि यजमानांचा पहारा सुटला!

मैत्रिणींनो, यातून तुम्हाला काय घेता येईल? पहिलं म्हणजे आपल्या घरात कुठकुठली कार्डं आहेत ते शोधा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस आहे, कामगारांसाठी ईएसआय आहे, कंपनीचा सामूहिक विमा असतो. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून खरेदीआधी लेखी विचारा. नवी पॉलिसी घेताना घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांचा खर्च मिळतो का, हे एजंटला तोंडी नको, कागदावर दाखवायला सांगा. फॉर्मवर आजार लपवू नका. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, पण लपवलेला आजार ऐन वेळी क्लेम बुडवू शकतो.

आणि क्लेम नियमात बसत असूनही नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

तेव्हा आज संध्याकाळचा चहा झाला की कपाटातली पॉलिसी बाहेर काढा, चष्मा लावा आणि काय-काय मिळणार नाही ते पान आधी वाचा. इंग्रजी अडलं तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बोलवा. आणि रात्री घरात कुणी घोरता घोरता एकदम गप्प झालं, तर "झोप लागली बरं" म्हणून कूस बदलू नका. जरा कान देऊन ऐका.