दाराची मूठ आणि परीक्षकाची दृष्टि

दाराची मूठ ही घरांतील अशी वस्तु आहे कीं, ती बिघडल्यावांचून तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. दिवसांतून पन्नास वेळां हात तिच्यावर पडतो. पण तिच्या घडणींत कोणाची बुद्धि खर्च झाली असेल, हा विचार मनांत येत नाहीं. अशा साध्या वस्तूवर कोणीं सरकारकडे वीस वर्षांचा मक्ता मागितला, तर तो द्यावा काय? द्यावयाचा असल्यास कोणत्या कसोटीवर? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वस्तु लहान घेतली आहे ती मुद्दाम. एखादें औषध किंवा मोठें यंत्र घेतलें म्हणजे तांत्रिक तपशिलांतच आपण गुरफटून जातों. मुठीच्या बाबतींत कायद्याचें तत्त्व उघडें दिसतें.

प्रथम ही मूठ कोणती तें पाहूं. जुन्या दारांना कडी-कोयंडा असे, पितळी मूठ असे, आणि ती फळीच्या बाहेर आलेली असे. पुढें एकीमागें एक सरकणाऱ्या झडपांच्या खिडक्या व दारें आलीं, तेव्हां ही बाहेर आलेली मूठ अडचणीची झाली. एक झडप दुसरीच्या मागें जातांना ती आडवी येऊं लागली. अरुंद वाटेंत तिला पदर अडकावा, धांवत्या मुलाला ती लागावी, हाही त्रास होताच. म्हणून झडपेंत खोबण कोरून मूठ आंत बसविण्याची पद्धति पडली. एरवीं ही मूठ झडपेच्या पृष्ठाशीं सपाट राहते. कांहीं प्रकारांत नुसती बोटें घालण्यापुरती वाटी असते. कांहींत एक टोंक दाबतांच दुसरें वर उचललें जातें, आणि हात काढतांच स्प्रिंग तें पुन्हां आंत नेते. कारागीर हिला फ्लश हँडल म्हणतात.

ही कल्पना आजची नाहीं. जगांतील पेटंट कचेऱ्या शोधांचीं विवरणपत्रें एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणें लावून ठेवितात. त्यांत कुलपें व त्यांचीं उपांगें यांना ‘ई०५बी’ असा वर्ग दिलेला आहे. हातकड्याही त्याच वर्गांत येतात. या वर्गाच्या पांचव्या गटाचें नांवच ‘झडपेच्या पृष्ठांत पूर्णपणें बसविलेल्या मुठी’ अशा अर्थाचें आहे. ज्या वस्तूसाठीं स्वतंत्र कप्पा करावा लागला, तिच्यावर आजवर किती देशांतील किती जणांनीं डोकें चालविलें असेल, याची यावरून कल्पना येईल. आज कोणी नव्या मुठीचा अर्ज करतो, तेव्हां परीक्षक प्रथम हाच कप्पा उघडतो.

पेटंट हा शोधक आणि समाज यांच्यामधील एक सौदा आहे. शोधकानें आपली युक्ति, माहितगार माणसाला ती तशीच करतां येईल इतक्या स्पष्टपणें, लिहून द्यावयाची; आणि समाजानें, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें, त्याच्या परवानगीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणी करूं वा विकूं नये, असा हक्क त्याला द्यावयाचा. मुदत संपली कीं ती युक्ति सर्वांची. या सौद्यांत समाजाला कांहीं नवें मिळालें पाहिजे, हें उघड आहे. जें आधींपासून सर्वांच्या हातांत होतें, त्याचीच किंमत समाजानें पुन्हां मोजली, तर तो फसला असें म्हणावें लागेल. आणि ही किंमत सरकार देत नाहीं. ती देतो गल्लींतला लहान कारखानदार, सुतार आणि शेवटीं घर बांधणारा गृहस्थ.

आपल्या देशांत आज १९७० चा पेटंट कायदा चालतो. त्याच्या व्याख्येप्रमाणें शोधाला तीन गोष्टी लागतात: तो नवा असावा, त्यांत शोधकबुद्धीचें पाऊल असावें, आणि उद्योगांत त्याचा उपयोग करतां यावा. मुठीच्या बाबतींत तिसऱ्या गोष्टीची अडचण सहसा पडत नाहीं. पहिलीची परीक्षा कडक असली तरी सरळ आहे. अर्जाच्या तारखेपूर्वीं जगांत कोठेंही तीच वस्तु छापून प्रसिद्ध झाली असेल किंवा वापरांत आली असेल, तर नवेपणा संपला. मात्र अर्जदारानें सांगितलेलीं सर्व अंगें एकाच जुन्या पुराव्यांत सांपडलीं पाहिजेत. एक अंग येथें व दुसरें तेथें सांपडलें, तर वस्तु नवी ठरते. आणि मग प्रश्न उरतो तो दुसऱ्या कसोटीचा. खरा वाद येथेंच असतो.

या कसोटीचा जन्म दाराच्या मुठीवरील एका खटल्यांतून झाला, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. १८४१ सालीं अमेरिकेंत हॉचकिस व त्याचे दोन सहकारी यांना दाराच्या गोल मुठीवर पेटंट मिळालें. अशा मुठी तोंवर लाकडाच्या व धातूच्या होत असत. यांनीं त्या भाजलेल्या मातीच्या व चिनी मातीच्या करण्याचें ठरविलें. मुठीच्या बुडाशीं, तोंडाला अरुंद व आंत रुंद, अशी खोबण ठेवावयाची आणि तींत वितळलेला धातु ओतून दांडा पक्का बसवावयाचा, अशी त्यांची रीति होती. पुढें ग्रीनवुड व त्याचा भागीदार यांजवर त्यांनीं ओहायोंत फिर्याद केली, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १८५१ सालीं न्यायमूर्ति नेल्सन यांनीं बहुमताचा निकाल दिला. माती जुनी, मूठ जुनी, खोबणींत दांडा बसविण्याची रीतिही जुनी. बदलला तो केवळ पदार्थ. मातीची मूठ कदाचित् अधिक टिकाऊ व स्वस्त होईल; पण त्या धंद्यांतील सामान्य कारागिराला जितकें कौशल्य असतें, त्याहून अधिक कांहीं येथें दिसत नसेल, तर हें काम कुशल कारागिराचें आहे, शोधकाचें नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पेटंट रद्द ठरलें.

न्यायमूर्ति वुडबरी यांना मात्र हा निकाल पटला नाहीं. वस्तु नवी आहे आणि पूर्वींपेक्षां चांगली वा स्वस्त आहे, एवढें पुरे असावें. कारागिराच्या कौशल्याचें माप लावूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. हा मतभेद अजून विचार करण्याजोगा आहे, कारण सामान्य माणसाला वुडबरींचेंच म्हणणें प्रथम पटतें. लोकांना स्वस्त मूठ मिळाली, मग बक्षीस कां नको? याचें उत्तर असें कीं, लांकडाऐवजीं माती, पितळेऐवजीं अॅल्युमिनियम, वाटोळ्याऐवजीं चौकोनी, अशा फेरफारांनीं प्रत्येक धंदा रोजच पुढें सरकत असतो. या प्रत्येक फेरफारावर कुंपण घातलें, तर कारागिराला पाऊल टाकण्यास जागा उरणार नाहीं. अमेरिकेनें हें तत्त्व १९५२ च्या कायद्यांत घातलें. आपल्या कायद्यांतील व्याख्येला २००५ च्या दुरुस्तीनें आजचें रूप आलें. तिच्याप्रमाणें शोधांत तांत्रिक प्रगति किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, असावीं लागतात; परंतु त्याबरोबरच तो शोध त्या विषयांतील जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखा नसावा, अशीही अट आहे. म्हणजे स्वस्ताई ही जमेची बाजू खरी, पण तेवढ्यावर भागत नाहीं.

आपल्याकडे या प्रश्नाचा प्रसिद्ध निकाल भांड्यांच्या धंद्यांतून आला. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या संस्थेला, चरकावर भांडीं घांसतांना तीं पक्कीं धरून ठेवण्याच्या साधनावर पेटंट मिळालें होतें. जुन्या रीतींत भांडें एकाच बाजूनें धरलेलें असे, आणि काम चालू असतां तें उडून कामगाराला इजा होण्याचा संभव असे. नव्या साधनांत दुसऱ्या बाजूनेंही दाब दिलेला होता. उपयोग निर्विवाद होता. तरीही १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, न्यायमूर्ति सरकारिया यांच्या निकालानें, तें पेटंट अवैध ठरविलें. दोन्ही बाजूंनीं धरून फिरविण्याची रीति धंद्याला ठाऊक होती. तिच्यांत केलेला फरक ही कारखान्यांतील नित्याची सुधारणा होती, असें न्यायालयास दिसलें. याच निकालांतून दुसरीही गोष्ट ध्यानांत येते. पेटंट मिळालें म्हणजे तें अढळ झालें असें नाहीं; सरकार त्याच्या वैधतेची हमी घेत नाहीं.

आतां परीक्षकाच्या टेबलाशीं येऊं, आणि दोन काल्पनिक अर्ज त्याच्यापुढें ठेवूं. पहिल्या अर्जांत सपाट बसणारी मूठ आहे, तिला परत नेणारी स्प्रिंग आहे, आणि बाजूला नांव लिहिण्याची पट्टी आहे. मूठ एका जुन्या विवरणपत्रांत सांपडते, स्प्रिंग दुसऱ्यांत, पट्टी तिसऱ्यांत. तिन्ही अंगें एकत्र आलीं, पण प्रत्येक आपलें जुनेंच काम निराळें करीत आहे. ज्ञात साधनांची अशी नुसती जुळणी किंवा फेरजुळणी शोध होऊं शकत नाहीं, असें आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. येथें परीक्षकाला फार वेळ लागणार नाहीं.

दुसरा अर्ज पाहा. खिडकीच्या पोकळ चौकटींत मुठीसाठीं भोंक पाडलें कीं, पावसाळ्यांत वाऱ्याबरोबर पाणी त्यांतून आंत येतें. या अर्जदारानें मुठीच्या मागच्या कडेला रबराची जीभ अशी बसविली आहे कीं, मूठ मिटली म्हणजे तीच भोंक बंद करते, आणि बाहेरचा वारा जितका जोराचा तितकी ती अधिक घट्ट बसते. मूठ उचलतांच मात्र ती सहज सुटते. स्प्रिंगची गरजच उरत नाहीं. येथेंही मूठ जुनी, रबर जुनें. पण दोहोंच्या मिलाफानें निराळाच परिणाम झाला, आणि ज्या वाऱ्यानें अडचण केली त्यालाच कामाला लावलें. या अर्जापुढें परीक्षकानें थांबलें पाहिजे. मूठ करणाऱ्या जाणत्या कारागिराला जुन्या कागदांवरून हें करण्याची सूचना मिळत होती काय, हें त्यानें शोधलें पाहिजे. मिळत नसेल, तर वस्तु लहान आहे म्हणून हक्क नाकारतां येणार नाहीं.

परीक्षकाची सर्वांत मोठी कसोटी येथें आहे. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडें सोपें वाटतें. परीक्षकाच्या हातांत अर्जदाराचें उत्तर आधींच आलेलें असतें; तें वाचून ‘यांत काय आहे, कोणालाही सुचलें असतें’ असें म्हणण्याचा मोह अनावर असतो. म्हणून त्यानें मनानें अर्जाच्या तारखेपूर्वीं जाऊन उभें राहावयाचें, आणि ‘सोपें आहे’ एवढें न म्हणतां, कोणत्या कागदावरून, कोणत्या कारणानें, कोणतें पाऊल सहज सुचलें असतें, तें लिहून द्यावयाचें. अर्जदाराला त्या आक्षेपांना उत्तर देण्यास सहा महिने मिळतात. मागणी केल्यास आणखी तीन मिळूं शकतात. त्यानें आपला दावा अधिक नेमका करावा, अथवा परीक्षकाची चूक दाखवावी. अर्ज फेटाळण्यापूर्वीं त्याला समक्ष सुनावणीची संधि असते. उलट बाजूनें, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हक्क मिळण्यापूर्वीं कोणाही व्यक्तीला त्यास विरोध करतां येतो. एखाद्या सुतारानें आपल्या जुन्या छापील मालपत्रकांतील तीच मूठ पुढें केली, तर तिचा विचार करावाच लागतो.

श्रोत्यांपैकीं कोणाच्या हातून अशी एखादी वस्तु घडली असेल, तर दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक अशी कीं, मुठीचें रूप आणि मुठीचें काम यांसाठीं कायदे निराळे आहेत. डोळ्यांना दिसणारा आकार किंवा नक्षी एवढेंच नवें असेल, तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखालीं नोंदणी करावी. तिची मुदत दहा वर्षें असून ती आणखी पांच वर्षें वाढवितां येते. यंत्ररचनेची युक्ति त्या नोंदणीनें राखली जात नाहीं. तिच्यासाठीं पेटंटच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अर्ज करण्यापूर्वीं वस्तु विकूं नये, छापूं नये, चारचौघांत मांडूं नये. सरकारनें जाहीर केलेल्या प्रदर्शनासारखे थोडे अपवाद सोडले, तर स्वतःच्या हातानें केलेली प्रसिद्धिही स्वतःच्याच हक्काच्या आड येते. काम अपुरें असेल, तर तात्पुरतें विवरणपत्र देऊन तारीख राखावी आणि बारा महिन्यांच्या आंत पूर्ण विवरणपत्र द्यावें. महाराष्ट्र व गोवा येथील अर्जदारांसाठीं पेटंटची कचेरी मुंबईस अँटॉप हिल येथें आहे. आणखी एक पथ्य आहे: अर्ज दिला म्हणजे परीक्षा आपोआप होत नाहीं, ती मागावी लागते. २०२४ च्या नियमांनीं या मागणीची मुदत एकतीस महिन्यांवर आणली आहे. ती चुकली तर अर्ज मागें घेतला असें समजतात.

हिंदुस्थानांत शोधांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला, आणि त्याखालीं पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनीं केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं. घरगुती उपयोगाच्या वस्तूंना तेव्हांपासून या कचेरीचें दार उघडें आहे. त्या दारांतून कोणाला आंत घ्यावें, याचा निर्णय परीक्षक करतो तेव्हां त्याच्यापुढें दोन माणसें असतात. एक अर्जदार, तो कागदावर दिसतो. दुसरा, आपल्या कामाच्या नित्याच्या हुशारीनें रोज थोडीशी सुधारणा करणारा कारागीर. तो त्या खोलींत हजर नसतो आणि त्याचा वकीलही नसतो. पहिल्याची खरी युक्ति त्याला मिळावी आणि दुसऱ्याची नित्याची हुशारी त्याच्याकडून हिरावली जाऊं नये, एवढ्यासाठीं ही सारी छाननी आहे.